सेल्स टॅक्समध्ये एक सेंट वाढ : सॅन डिएगोकर, मेझर ईचं काय करताय?

किनारपट्टी | ८ ऑक्टोबर २०२४

मतपत्रिका घरोघरी यायला लागल्या. अध्यक्षपदावर इथे आधीच धागे पेटलेले आहेत, तेव्हा तो विषय कृपया इथे आणू नका. मला बोलायचंय ते मतपत्रिकेच्या शेवटी, जिथे पोचेपर्यंत बरेच जण कंटाळून लिफाफा चिकटवून टाकतात, तिथल्या मेझर ईबद्दल, म्हणजे मतदारांपुढे ठेवलेल्या शहराच्या करवाढीच्या प्रस्तावाबद्दल.

मामला असा. सॅन डिएगो शहरात आज सेल्स टॅक्स ७.७५ टक्के आहे. शहराला तो डॉलरमागे एक सेंटने वाढवून ८.७५ करायचाय. त्यातून वर्षाला ३६ ते ४० कोटी डॉलर मिळतील असा अंदाज. मुदत काही नाही. मतदार पुन्हा मत देऊन बंद करत नाहीत तोवर चालू.

त्या ७.७५ची फोड बघितल्याशिवाय शहर एवढं का रडतंय ते कळत नाही. ७.२५ टक्के अख्ख्या कॅलिफोर्नियात आहेच, आणि त्यातला फक्त एक टक्का शहराच्या तिजोरीत येतो. वरचा अर्धा टक्का म्हणजे काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) ट्रान्सनेट नावाचा टॅक्स, रस्ते आणि ट्रॉलीसाठी, १९८८पासून. म्हणजे आपण शंभर डॉलरची वस्तू घेतली की पावणेआठ डॉलर टॅक्स देतो आणि शहराला मिळतो एक. मेझर ई पास झालं तर दोन. शेजारचे चुला व्हिस्टा आणि नॅशनल सिटी आधीपासूनच ८.७५वर आहेत.

माझा कल 'हो'कडे आहे, पण तोंड वाकडं करून. २२ जानेवारीच्या पावसात साउथक्रेस्ट, माउंटन व्ह्यू भागात चोयास क्रीकचं पाणी लोकांच्या घरात शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पावसाळी गटारांची कामं वर्षानुवर्षं मागे पडलीत. रस्त्यांना गेल्या वर्षीच्या पाहणीत शंभरपैकी ६३ गुण मिळाले, शहराचं स्वतःचं उद्दिष्ट ७० आहे. पैसे कुठून तरी यायला हवेत.

याच मतपत्रिकेवर काउंटीचं मेझर जीपण आहे, वाहतुकीसाठी आणखी अर्धा सेंट. दोन्ही पास झाली तर ९.२५. तुम्ही काय करताय, आणि का?

रोखठोकराव | ८ ऑक्टोबर २०२४

नाही. आणि तोंड वाकडं न करता नाही.

१०१ ॲश स्ट्रीट विसरलात? डाउनटाउनमधली ती उंच बिल्डिंग शहराने २०१७ला भाडं-भरत-खरेदी अशा करारावर घेतली. नीट तपासणीसुद्धा न करता. कर्मचारी आत गेले आणि जानेवारी २०२०मध्ये ॲस्बेस्टॉसमुळे सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. बिल्डिंग रिकामी, कोर्टकचेऱ्या चालू. शेवटी २०२२मध्ये तडजोड करून तीच बिल्डिंग ८ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली. अजून ती रिकामीच आहे.

त्याआधी पेन्शनचा घोटाळा होता. १९९६ आणि २००२ला पेन्शन फंडात भरायचे पैसे कमी भरले आणि वर लाभ वाढवून दिले. त्याची परतफेड आजही बजेटमधून जाते. अशा माणसांच्या हातात मुदत नसलेला, कशालाही न बांधलेला टॅक्स द्यायचा? २०१०ला अर्धा सेंट मागितला होता तेव्हा लोकांनी दणकून पाडला. तेव्हाही 'नाही तर फायर स्टेशनं बंद पडतील' असंच चाललं होतं.

फोरएसवाली | ८ ऑक्टोबर २०२४

मी मतपत्रिका दोनदा चाळली. माझ्यावर मेझर ई दिसतच नाहीये! मेझर जी आहे. माझी मतपत्रिका चुकीची आली आहे का? पत्ता तर सॅन डिएगो, ९२१२७ आहे.

किनारपट्टी | ८ ऑक्टोबर २०२४

@फोरएसवाली, मतपत्रिका बरोबर आहे. फोरएस रँच सॅन डिएगो शहरात येतच नाही. तो काउंटीचा, कुठल्याच शहरात नसलेला भाग. पोस्टाच्या पत्त्यात 'सॅन डिएगो' लिहितात एवढंच. तुमचे रस्ते काउंटी बघते, पोलीस म्हणून शेरीफ येतो. तुमच्या कोपऱ्यावर पलीकडे रँचो बर्नार्डो शहरात, आणि पॉवे हे आणखी वेगळं शहर. आपली अर्धी मराठी मंडळी या तीन ठिकाणांत विखुरलेली आहेत आणि सगळी स्वतःला सॅन डिएगोकर म्हणवतात.

फोरएसवाली | ८ ऑक्टोबर २०२४

म्हणजे वाण्याचं सामान आणायला मी ब्लॅक माउंटन रोडला जाते तिथे वाढीव टॅक्स भरायचा, पण त्यावर मत द्यायचं नाही? छान!

अनंतफळ | ९ ऑक्टोबर २०२४

ताई, आमच्या पंक्तीत स्वागत आहे. आम्ही एच-वनवाले इथे राहतो, इथे खरेदी करतो, इथला सगळा टॅक्स भरतो आणि मतपत्रिका शेजाऱ्याच्या हातात बघतो. ग्रीन कार्डाची रांग बघता पोराला मतदानाचा हक्क माझ्याआधी मिळेल. त्यामुळे माझं मत विचारलंत तर 'हो' आहे, पण ते फक्त या धाग्यावर मोजा.

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर २०२४

थोडं लांबण लावतो, कारण 'एक सेंट' ऐकून लोकांच्या डोक्यात दोन टोकाच्या कल्पना असतात. काहींना वाटतं महागाई होईल, काहींना वाटतं काहीच फरक पडणार नाही.

कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स वस्तूंवर आहे, आणि त्यातून बरंच काही वगळलंय. देशी दुकानाची पावती समोर ठेवून बघा. तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, बाकरवडी, श्रीखंडाचा डबा : टॅक्स शून्य. अगरबत्ती, कुकरची रिंग, भांडी घासायचा साबण, सोड्याच्या बाटल्या : टॅक्स. फ्रीझरमधले समोसे बिनटॅक्सचे, काउंटरवरचे गरम समोसे टॅक्सवाले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर नाही. घरभाड्यावर नाही. आणि सेवांवर जवळपास नाहीच : केस कापणं, वकील, टॅक्स भरून देणारा सीपीए, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, घर साफ करायला येणारी बाई.

आता यात कोण सुटतो ते बघा. आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरात पैसा जातो घराच्या हप्त्यात, क्लासेसमध्ये, ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात, भारताच्या तिकिटांत. यातल्या कशालाच हा टॅक्स लागत नाही. टॅक्स लागणारी खरेदी वर्षाला वीस हजार डॉलर धरली तर एक सेंट म्हणजे दोनशे डॉलर. मला ते जाणवणार नाही. पण ज्याचा पगार आमच्या चौथा हिस्सा आहे त्याच्या घरातली टॅक्स लागणारी खरेदी काही चौथा हिस्सा नसते. टायर त्यालाही तेवढेच लागतात, मुलांचे बूट तेवढेच. म्हणून हा टॅक्स खालच्याला जास्त चावतो. माझा 'हो' आहे, पण कोणी याला न्याय्य वगैरे म्हणू नये.

मग शहर हाच टॅक्स का मागतं? कारण बाकीची दारं बंद आहेत. १९७८ला मतदारांनी पास केलेल्या प्रॉपोझिशन १३ने प्रॉपर्टी टॅक्स खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला, वाढही वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के. आणि त्या एक टक्क्यातला साधारण पाचवा-सहावा हिस्साच सॅन डिएगो शहराला मिळतो. बाकी शाळा आणि काउंटी वगैरे. इन्कम टॅक्स शहराच्या अखत्यारीत नाही. उरतं काय? हॉटेल टॅक्स आणि सेल्स टॅक्स.

@रोखठोकराव, 'कशालाही न बांधलेला' हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण ते मुद्दाम तसं ठेवलंय. १९९६ला मतदारांनीच पास केलेल्या प्रॉपोझिशन २१८प्रमाणे काउन्सिलने (शहराच्या नगरसेवकांच्या सभेने) टॅक्स एखाद्या कामाला बांधला की तो 'स्पेशल' होतो आणि त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. न बांधता 'जनरल' ठेवला की साधं बहुमत पुरतं. म्हणून जाहिरातीत अग्निशमन दलाचे फोटो असतात, आणि कायद्याच्या मजकुरात त्यांच्यासाठी एक डॉलरही राखलेला नसतो. गंमत म्हणजे मेझर जी नागरिकांनी सह्या गोळा करून आणलंय म्हणून ते कामाला बांधलेलं असूनही त्याला साधं बहुमत चालतं. कोर्टाच्या निकालांनी ती पळवाट उघडली.

रोखठोकराव | ९ ऑक्टोबर २०२४

म्हणजे मतदारांनी दोन-तृतीयांशची अट घालून ठेवली ती चुकवायला मजकूर मोघम ठेवायचा आणि तुम्ही त्यालाही 'हो' म्हणणार. हिशेबनीस, तुमचा हिशेब पटला, निष्कर्ष नाही.

मिरामेसाकर | १० ऑक्टोबर २०२४

प्रॉपोझिशन १३चं उदाहरण आमच्या गल्लीतच आहे. आमचं घर नव्वदच्या दशकात घेतलेलं. त्याच बिल्डरचं, त्याच नकाशाचं शेजारचं घर अलीकडे एका तरुण तेलुगू जोडप्याने घेतलं. त्यांचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आमच्या चौपट आहे. रस्ता तोच, गटार तेच, आणि ग्रंथालयात त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त जातो, कारण आम्ही रिटायर आहोत. बायको म्हणते, गप्प बस, त्यांना सांगू नकोस.

आम्हा जुन्या लोकांना प्रॉपर्टी टॅक्स वाढायला नको आहे हे उघड आहे. मग शहर चालवायला सेल्स टॅक्सला 'हो' म्हणणं एवढं तरी आमच्याकडून व्हावं असं मला वाटतं. शिवाय त्यातला बराच भाग पाहुणे भरतात. कॉमिक-कॉनला येणारे, समुद्रावर येणारे, आणि सॅन इसिड्रोच्या आउटलेट मॉलमध्ये सीमेपलीकडच्या तिहुआनाहून खरेदीला येणारे.

सोनचाफा | १० ऑक्टोबर २०२४

तिहुआनाहून येणारे काही पर्यटक नसतात काका. त्यातले बरेच जण इथे रोज कामाला येतात. त्यांनी आपले रस्ते दुरुस्त करायचे, कारण आपल्याला आपल्या घरांवर टॅक्स नको?

पेठेतला | ११ ऑक्टोबर २०२४

पुण्यातून वाचतोय. तुम्हाला निदान विचारतात तरी! आमच्याकडे आधी जकात होती. नाक्यावर ट्रकांच्या रांगा आणि त्या रांगेतून लवकर सुटायचे सर्वांना माहीत असलेले मार्ग. १ एप्रिल २०१३ला ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. त्याला तुमच्या सेल्स टॅक्सचा चुलतभाऊ म्हणा : शहरात माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच हिशेब करून महापालिकेला भरायचा. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, लक्ष्मी रोडची शटरं दिवसच्या दिवस खाली होती. १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना माफी, म्हणजे जवळजवळ सगळेच सुटले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि उरलासुरला एलबीटीही गेला. मुंबईची जकातही त्याच दिवशी संपली.

आता महापालिकेने ठरवलं तरी असा कर लावता येत नाही. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली, शहरात येणाऱ्या मालावर कर लावू देणारी ५२वी नोंदच काढून टाकली. राज्य सरकार दर महिन्याला नुकसानभरपाई पाठवतं, तिच्यात दर वर्षी आठ टक्के वाढ धरलेली आहे. मुंबई महापालिकेला पहिला धनादेश ६४७ कोटींचा मिळाला त्याचा केवढा समारंभ झाला होता. स्वतःच्याच शहरातून गोळा व्हायचा तो पैसा मंत्रालयातून आला म्हणून टाळ्या!

आणि मत म्हणाल तर मार्च २०२२पासून पुण्यात नगरसेवकच नाहीत. प्रशासक बजेट मांडतात, प्रशासकच मंजूर करतात.

रोखठोकराव | ११ ऑक्टोबर २०२४

@पेठेतला, जकात गेली हे चांगलंच झालं. नाशिकला वडिलांचं दुकान होतं, जकातीच्या पावत्यांचा गठ्ठा मी लहानपणी लावलेला आहे. पण तुमचा दुसरा मुद्दा मान्य. ज्याच्या हातात वसुली नाही त्याला खर्चाचा जाब कोण विचारणार? म्हणूनच मी म्हणतो, इथे विचारतायत तर 'नाही' म्हणण्याचाही हक्क वापरा.

नर्मदेहर | ११ ऑक्टोबर २०२४

अवांतर : पुण्यात घर बंद ठेवलेल्या एनआरआय लोकांनो, मिळकतकरातली ४० टक्के सवलत तपासून घ्या. १९७०पासून चालत आलेली सवलत मध्येच काढली होती, २०२३ला परत दिली. पण ती मालक स्वतः राहत असेल तरच, आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. भाडेकरू ठेवला असेल तर विसरा.

ह्यूस्टनचा_उकाडा | १२ ऑक्टोबर २०२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे ८.२५ आहे आणि तीच टेक्ससची कमाल मर्यादा : राज्याचे ६.२५, स्थानिक २. राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे इकडे पळत येतात आणि पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की गप्प होतात.

एडिसनकरीण | १२ ऑक्टोबर २०२४

न्यू जर्सी : राज्यभर ६.६२५, कपड्यांवर शून्य. गावाला स्वतःचा सेल्स टॅक्स लावायची सोयच नाही. त्यामुळे गावाचा सगळा भार प्रॉपर्टी टॅक्सवर. तुमचे आकडे सांगा, मग आम्ही आमचे सांगतो, मग तुम्ही रडणं बंद कराल.

गिअरबॉक्स | १४ ऑक्टोबर २०२४

व्यवहाराचं विचारतो. मला पुढच्या वर्षी गाडी घ्यायची आहे. राहतो कार्मेल व्हॅलीत. मेझर ई पास झालं तर पॉवेच्या डीलरकडून घेतली की जुना दर लागेल का?

गिअरबॉक्स | १४ ऑक्टोबर २०२४

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला होता)

हिशेबनीस | १४ ऑक्टोबर २०२४

@गिअरबॉक्स, नाही. गाडीवरचा स्थानिक वाढीव टॅक्स गाडी जिथे रजिस्टर होणार त्या पत्त्याप्रमाणे लागतो, डीलर कुठेही असो. कार्मेल व्हॅली शहरात आहे, तेव्हा सुटका नाही. ऑनलाइन मागवलेल्या सामानालाही डिलिव्हरीच्या पत्त्याचा दर लागतो. २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या वेफेअर निकालानंतर बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या विक्रेत्यांकडूनही वसूल होतो. नवा दर लागू झालाच तर १ एप्रिल २०२५पासून होईल, त्याआधी घ्या.

पण मूळ ७.२५मधला शहराचा एक टक्का मात्र पॉवेला जाईल, कारण तो विक्री जिथे झाली त्या शहराला मिळतो. म्हणून प्रत्येक शहर आपल्या हद्दीत कार डीलर आणि मोठी गोदामवजा दुकानं खेचायला बघतं. घरं बांधा म्हटलं की कपाळाला आठ्या. घरं आली की शाळा, पोलीस, गटारं लागतात. ऑटो मॉलला काय लागतं? पार्किंग. नॅशनल सिटीने मैलभर लांब गाड्यांचे शोरूम उगाच नाही वसवले.

सोनचाफा | १४ ऑक्टोबर २०२४

हे मला नव्हतं माहीत. घरं महाग का, याचं अर्धं उत्तर या धाग्यात मिळेल असं वाटलं नव्हतं.

किनारपट्टी | ९ नोव्हेंबर २०२४

मोजणी चालू आहे. ई आणि जी दोन्ही पन्नासच्या अलीकडे-पलीकडे लटकतायत. टपालाची मतं शेवटपर्यंत येत राहतात, तेव्हा घाई नको.

किनारपट्टी | ६ डिसेंबर २०२४

दोन्ही पडली. मेझर ईला पन्नास टक्क्यांहून किंचित कमी मतं. लाखो मतांत काही हजारांचा खेळ. काउंटीतली एस्कोंडिडो आणि सॅन मार्कोस या शहरांनी मात्र आपापला एक सेंट पास केला. एन्सिनिटसमध्ये पडला.

रोखठोकराव | ६ डिसेंबर २०२४

लोकशाहीचा विजय असो. 😀 आता बजेट नीट करा.

अनंतफळ | ६ डिसेंबर २०२४

मतांचा फरक बघता आमच्यासारख्या मत नसलेल्यांची संख्याच त्याच्या कितीतरी पट असेल. असो.

मिरामेसाकर | १२ जून २०२५

धागा वर काढतोय. बजेट 'नीट' होतंय बरं का, रोखठोकराव. शहराला २५ कोटी ८० लाखांची तूट भरून काढायची होती. वर्षाच्या सुरुवातीला पार्किंग मीटरचा तास सव्वा डॉलरचा अडीच डॉलर झाला. ग्रंथालयांचे दिवस कमी करायचा प्रस्ताव आला. आणि या आठवड्यात काउन्सिलने सहा विरुद्ध तीन मतांनी कचऱ्याची फी मंजूर केली : महिन्याला ४३.६० डॉलर, जुलैपासून. शेजारच्या तेलुगू मुलाने बातमी दाखवली तेव्हा मला खरंच वाटेना. जन्मभर कचरा फुकट उचलला जातोय असंच धरून चाललो होतो.

हिशेबनीस | १२ जून २०२५

४३.६० गुणिले बारा म्हणजे ५२३.२०. मेझर ईने माझ्या घराला लागले असते ते दोनशे.

रोखठोकराव | १२ जून २०२५

हिशेबनीस, इथे तुम्ही दोन गोष्टी एकत्र कालवताय. कचऱ्याच्या फीचा रस्ता २०२२लाच मेझर बीने मोकळा केला होता, तेही जेमतेम पास झालं. मेझर ई पास झालं असतं तरी ही फी येणारच होती. तेव्हा 'नाही' म्हटल्याची शिक्षा म्हणून ती आली असं दाखवू नका. आणि तेव्हा सांगितलेला अंदाज होता महिन्याला २३ ते २९ डॉलर. तीन वर्षांत त्याचे ४३.६० झाले. माझा भरवसा का नाही ते कळलं?

हिशेबनीस | १२ जून २०२५

फी येणारच होती हे खरं. पण आजवर घरांचा कचरा उचलायचा खर्च जनरल फंडातून, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण तिजोरीतून जात होता, तो आता सुटला. सेल्स टॅक्स ज्या खड्ड्यात जाणार होता त्याच खड्ड्यातला हा एक भाग. आणि त्याची रक्कम कोणी ठरवली? टॅक्सला मतदान लागतं. फीला मतदान लागत नाही, फक्त हरकती मागवतात. निम्म्याहून जास्त मालकांनी लेखी हरकत घेतली तरच अडते. हरकती हजारोंनी आल्या, पण निम्म्याच्या जवळपासही नाही. 'नाही' म्हणायचा हक्क तुम्ही नोव्हेंबरात वापरलात, तो इथे फार चालत नाही. एवढं खरं की फी सेवेच्या खर्चाहून जास्त घेता येत नाही, आणि तिच्यातून ग्रंथालय चालवता येत नाही.

अनंतफळ | १३ जून २०२५

मालक मंडळींचं सांत्वन करायला आलोय, पण जमत नाहीये. १९१९च्या ठरावाने इथे घरांचा कचरा शहर फुकट उचलत आलंय. आम्ही अपार्टमेंटवाले मात्र खाजगी कंपनीला पैसे देतो, भाड्यातून. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या कचऱ्याचे पैसे भाड्यातून दिले आणि तुमच्या कचऱ्याचे सेल्स टॅक्समधून. मिरामेसाकर काका, राग मानू नका, पण फुकट नव्हतं ते. बिल माझ्याकडे येत होतं.

मिरामेसाकर | १३ जून २०२५

राग कसला. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मुलाला एकदा जेवायला बोलाव.

सोनचाफा | १३ जून २०२५

फी कशी भरायची? वेगळं बिल येणार का?

किनारपट्टी | १३ जून २०२५

@सोनचाफा, नाही, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातच येईल. १० डिसेंबर आणि १० एप्रिलच्या हप्त्यांत. ज्यांचा टॅक्स बँकेच्या एस्क्रोमधून (घराच्या हप्त्यासोबतच टॅक्सचे पैसे जमा होतात त्या खात्यातून) जातो त्यांचा मासिक हप्ता वाढेल, तेव्हा पुढच्या वर्षी दचकू नका. कचऱ्याचा डबा लहान घेतला तर महिन्याला दहा-अकरा डॉलर वाचतात. दोघंच राहत असाल आणि ओला कचरा हिरव्या डब्यात टाकत असाल तर लहान डबा सहज पुरतो.

कुपर्टिनोचा_कावळा | १८ नोव्हेंबर २०२५

उत्तरेकडून बातमी. आमच्या सांता क्लारा काउंटीने याच महिन्यात सेल्स टॅक्सची वाढ पास केली, पाच-अष्टमांश सेंट. नाव मेझर ए. वॉशिंग्टनने मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला) कात्री लावल्यावर काउंटीच्या हॉस्पिटलांना पडलेली भोकं बुजवायला. ओकलंडनेही एप्रिलमध्ये अर्धा सेंट पास करून १०.७५ गाठलं. आमच्याकडच्यात पाच वर्षांची मुदत आहे, त्यामुळे 'नाही'वाले बरेच 'हो'कडे सरकले असं माझ्या आसपास तरी दिसलं.

फोरएसवाली | ११ जानेवारी २०२६

बॅल्बोआ पार्कमध्ये आता पार्किंगला पैसे! सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांना म्युझियम दाखवायला नेलं. गाडी लावताना समोर फलक. शहराच्या रहिवाशांना सवलत आहे म्हणे. कशी घ्यायची?

किनारपट्टी | ११ जानेवारी २०२६

@फोरएसवाली, ऑनलाइन पत्त्याची पडताळणी करून घ्यायची असते. पण ती सॅन डिएगो शहराच्या रहिवाशांना. आणि तुम्ही…

फोरएसवाली | ११ जानेवारी २०२६

पुरे. कळलं. 😤

रोखठोकराव | १२ जानेवारी २०२६

मला बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलंय की परत एक सेंट मागितला तर काय करणार. सांगून टाकतो. सांता क्लारासारखी पाच वर्षांची मुदत घाला, दर वर्षी शहराबाहेरच्या ऑडिटरकडून खर्चाचा हिशेब छापा, आणि १०१ ॲशसारखी एकही खरेदी तपासणी अहवालाशिवाय काउन्सिलपुढे आणू नका. मग मी विचार करेन. मुदत नसलेल्याला 'नाही'च.

हिशेबनीस | १२ जानेवारी २०२६

मुदतीचं म्हणाल तर ट्रान्सनेट बघा. १९८८ला वीस वर्षांसाठीच आला होता. आता २०४८पर्यंत आहे.

रोखठोकराव | १२ जानेवारी २०२६

पण वाढवताना २००४ला परत विचारलं ना? तेही दोन-तृतीयांशची अट ठेवून, आणि लोकांनी दिली. मीही दिलं होतं.